मिरजेला राहिलेले आप्पा

गलांडेंच्या तात्यांचा फोटो खुर्चीवर ठेवला होता. फोटोला हार होता, पुढे उदबत्ती जळत होती, आणि वर थर्माकोलचे दोन मोर चोचीत 'शुभविवाह' धरून उभे होते.

आप्पा गाडीवरून उतरले. त्यांनी मोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"मोर," मी म्हणाले.

"तेजू, तेराव्याला मोर?"

गोदामातून दोन टेंपो मी स्वतः उभं राहून भरून दिले होते. एकात गलांडेंच्या उद्याच्या तेराव्याचं सामान, म्हणजे पांढरा कपडा, सतरंज्या आणि साध्या खुर्च्या. दुसऱ्यात सूर्यवंशींच्या लग्नाचं, म्हणजे गुलाबी पडदे, झुंबर, मोर. दोन्ही टेंपो अगदी बिनचूक भरले होते. फक्त ड्रायव्हरांना पत्ते सांगताना मी गोदामाच्या पत्र्यावर आवाज करणारं कबुतर एकच आहे की दोन, याचा विचार करत होते. त्यामुळे याचा पत्ता त्याला गेला आणि त्याचा याला.

आमच्या धंद्याचं नाव 'निर्विघ्न मंडप डेकोरेटर्स, विटा'. नाव आजोबांनी ठेवलेलं, माझ्या जन्माच्या आधी.

"तुला तरी कळायला नको का?" आप्पा आमच्या बाळू गड्यावर घसरले. "तेराव्याच्या घरी मोर चढवतोस?"

"म्हातारं नव्वदीचं होतं, मालक," बाळू शिडीवरूनच म्हणाला. "पतवंडं बघून गेलं. आम्हाला वाटलं, आनंदात घालवायचं असंल."

तात्यांची थोरली लेक पदर सावरत बाहेर आली. ती बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "असू द्या. तात्यांना मोर आवडायचे."

ती बाई नसती तर आम्ही त्या गल्लीतून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो नसतो.

सूर्यवंशींकडे अशी बाई नव्हती. तिथे हळदीच्या दारात पांढराशुभ्र मंडप बघून शेजारचे एक निवृत्त गुरुजी टोपी काढून आत आले, नवरीच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कधी झालं?"

"उद्या आहे," नवरीचा बाप म्हणाला.

तिन्हीसांजेच्या आत आम्ही मंडप बदलून दिले. पण गोष्ट तोवर गावभर झाली होती. याला आता बरीच वर्षं झाली, तरी विट्यात मला कुणी मोर म्हटलं की मी ओ देते.

त्या संध्याकाळी आप्पा गोदामाच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला.

"किल्ल्या."

आई गेल्यापासून गोदामाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. गोदाम म्हणजे काही राजवाडा नव्हता, पण कुठल्या बांबूला चीर आहे आणि कुठली सतरंजी कुणाच्या बारशात जळली, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मला तेवढंच सांगता यायचं. वार विचारला तर नाही.

मी किल्ल्या दिल्या. निदान तेवढ्या सापडल्या.

"दिवाळीनंतर रणूला बोलावून घेतो," आप्पा म्हणाले. "तो बघेल."

"रणू?"

"का? त्याला काय झालंय?"

"गेल्या महिन्यात त्याने मंडईत मोटारसायकल लावली, भाजी घेतली, बसने घरी गेला आणि पोलिसात चोरीची तक्रार दिली."

"त्याला ते आहे," आप्पा म्हणाले.

'ते' काय आहे ते सांगते. रणजित माझा धाकटा भाऊ, नोकरीला बाहेरगावी. लहानपणी तो खुर्च्यांच्या चळतीवर चढून उडी मारायचा, आणि एकदा तर भर लग्नात मंडपाच्या खांबावर चढून बसला होता. अक्षता त्याच्या अंगावर पडल्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या, याला दाखवून आणा. म्हणून आम्ही सगळे मिरजेला एका ट्रस्टच्या दवाखान्यात गेलो. आई, आप्पा आणि रणू आत गेले, मला बाहेर बाकावर बसवलं. समोर भिंतीवरून मुंग्या एका किड्याचा पाय ओढून नेत होत्या. पाय पुढे जात होता, किडा कुठेच नव्हता. मी ते बघत बसले. मग आतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "बाळ, तुझी दुसरी चप्पल कुठाय?"

मी खाली बघितलं. खरंच एकच होती. त्या हसल्या आणि पुन्हा आत गेल्या.

परत येताना रणूला आइस्क्रीम मिळालं, कारण त्याला एडीएचडी होता. मला शिव्या मिळाल्या, कारण चप्पल नवी होती.

तेव्हापासून आमच्या घरात तो नियमच झाला. रणूने दप्तर हरवलं, तर त्याला ते आहे. रणू परीक्षेतून अर्धा पेपर सोडून उठून आला, तरी त्याला ते आहे. मी काही केलं तर मात्र मी धांदरट. एकदा आम्ही दोघांनी मिळून लोणच्याची बरणी फोडली. एका बाजूने त्याने धरली होती, दुसऱ्या बाजूने मी. बरणी एक, फरशी एक, आवाज एक. पण तो आजारी होता आणि मी धांदरट होते.

किल्ल्या गेल्या त्या रात्री मी फोनवर एडीएचडीबद्दल वाचत बसले, म्हणजे लक्ष जागेवर न राहण्याच्या आजाराबद्दल. मुलींमध्ये हे असलं तरी लोकांना दिसत नाही, असं तिथं लिहिलं होतं. त्या खांबावर चढत नाहीत. त्या खिडकीबाहेर बघतात आणि त्यांना शहाणं समजलं जातं. मी वाचत गेले, आणि कुणीतरी आमच्या गोदामात कॅमेरा लावून लिहिल्यासारखं वाटत गेलं. मध्येच मी कबुतरांबद्दलही वाचलं. ती जोडीनेच राहतात.

मिरजेच्या दवाखान्याला आधी गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी लागायची. म्हणून मी शेंडगे डॉक्टरांकडे गेले. आमच्या घरातली प्रत्येक सर्दी त्यांच्या ओळखीची. घरात काय झालं हे कधीकधी त्यांनाच आधी कळायचं.

"या," ते म्हणाले. "तात्यांचं लग्न लावलंस म्हणे."

"डॉक्टर, मला मिरजेची चिठ्ठी पाहिजे. एडीएचडीच्या तपासणीसाठी."

"कुणाच्या?"

"माझ्या."

ते हसले. मग मी हसत नाही हे बघून त्यांनी माझी नाडी धरली. "अगं, ते पोरांना असतं. तू कशी गपगार पोरगी होतीस. इंजेक्शन दिलं तरी तुला पत्ता नसायचा."

"तेच सांगतेय. मी गप नव्हते, मी तिथे नव्हतेच."

"रक्त कमी असेल. लोहाच्या गोळ्या देतो. आणि लग्न झालं की लागेल बरोबर लक्ष."

"कशाकडे?"

यावर त्यांनी थायरॉइडची तपासणी लिहून दिली. मी संतापून उठले, दार आपटून बाहेर पडले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, कारण पर्स त्यांच्या टेबलावर राहिली होती. रागाने निघून जाण्यात माझा कायम हाच घोटाळा होतो. काहीतरी मागे राहतं आणि परत यावं लागतं. आल्यावर आधीच्याच रागाने पुन्हा दार आपटता येत नाही.

"ही घे चिठ्ठी," मला पुन्हा दारात बघून ते म्हणाले. "जा एकदाची."

ती चिठ्ठी मी हरवली. दुसरी मागायला गेले, तर ती घेऊन शेजारी मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला थांबले आणि गोळ्या घेऊन चिठ्ठी काउंटरवरच ठेवून आले. तिसऱ्या वेळी शेंडगे डॉक्टरांनी आधी टाचणी शोधली. मग चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि टाचणीने माझ्या ओढणीला लावली, बालवाडीतल्या पोराच्या छातीवर रुमाल लावतात तशी.

"मिरजेपर्यंत काढू नकोस," ते म्हणाले. आता त्यांचा विश्वास बसला होता. "आणि हे बघ, लहानपणी तू कशी होतीस ते सांगणारं माणूस लागेल तिथं. मोठेपणी सुरू झालेलं ते चालवून घेत नाहीत. आई नाही, म्हणजे आप्पांना ने."

आप्पा झुंबराच्या लोलकांना फडकं मारत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी ओढणीवरची चिठ्ठी वाचली, लोलक पुसून खाली ठेवला आणि दुसरा घेतला.

"येडी म्हणून शिक्का मारून घ्यायचाय?"

"रणूवर मारलात की."

"त्याची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

"तो मुलगा आहे."

हे वाक्य त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला आधी वाटलं, ते मला रणूची ओळख करून देतायत.

"एक करू," मी म्हणाले. दात घट्ट आवळले होते, त्यामुळे मी बरीच समजूतदार वाटले असणार. "तुम्ही मिरजेला चला. त्यांनी मला काही नाही म्हणून परत पाठवलं, तर मी धांदरट. किल्ल्या तुमच्या, रणूच्या, कबुतराच्या, कुणाच्याही. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण त्यांना काही दिसलं, तर किल्ल्या माझ्या."

"चालेल," आप्पा म्हणाले.

आप्पा घासाघीस केल्याशिवाय सुतळीचा गुंडा विकत घेत नाहीत. ते इतक्या पटकन चालेल म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी तेव्हा लोलकातून दिसणारे सात आप्पा बघत होते.

मिरजेला आम्ही आमच्याच टेंपोने गेलो. मी चालवत होते. आप्पा शेजारी, मांडीवर पिशवी घट्ट धरून, चोरबाजारात आल्यासारखे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पाटी होती: 'आपल्या सामानाकडे लक्ष द्या. हरवल्यास दवाखाना जबाबदार नाही.' ज्यांना लक्ष देता येत नाही अशांच्या खोलीत ही पाटी लावणाऱ्याला मला भेटायचं होतं. बाक तोच होता. मुंग्या दुसऱ्या असाव्यात.

आतल्या डॉक्टर माझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या. डॉ. फरीदा मुजावर. त्यांनी ओढणीवरची चिठ्ठी स्वतः टाचणी काढून घेतली आणि एकदाही हसल्या नाहीत, तिथेच मला त्या आवडल्या. माझ्याशी त्या बराच वेळ बोलल्या. मी मोर सांगितले, चिठ्ठ्या सांगितल्या, बाकीचंही सांगितलं, जे मी कुणाला सांगत नाही: की रोज सकाळी मी ठरवते आज नीट वागायचं, आणि रोज दुपारपर्यंत माझ्या हातून ते निसटतं, आणि मग मी विनोद करते.

"आता आप्पा," त्या म्हणाल्या. "ही बारा-एक वर्षांची होईपर्यंत कशी होती, तेवढं आठवून सांगा. पुढच्या मोठ्या तपासणीला पाठवायचं तर लहानपणापासून काही दिसायला लागतं."

"गुणी होती," आप्पा म्हणाले.

"वस्तू हरवायची?"

"नाही."

मी आप्पांकडे बघितलं. ते डॉक्टरांच्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"शाळेत काही तक्रार?"

"कधीच नाही. बाई कौतुक करायच्या."

"हाक मारली की यायची?"

"एका हाकेत."

आप्पांच्या हाका. गल्लीतल्या दोन तेजश्री आणि एक तेजस धावत यायचे, पण मी यायची नाही. शेवटी आई येऊन माझ्या खांद्याला हात लावायची.

"आप्पा," मी म्हणाले, "खोटं बोलू नका."

"मी कशाला खोटं बोलू?"

"त्यांना बोलू दे," डॉक्टर मला म्हणाल्या, आणि पुन्हा आप्पांकडे वळल्या. "म्हणजे लहानपणी यातलं काहीच नव्हतं?"

"काही नाही. हे आता सुरू झालंय. तिची आई गेल्यापासून. आणि तो फोन."

आता त्यांनी आईला मध्ये घातलं. तिला काही विचारता येत नव्हतं, हे आप्पांना पक्कं माहीत होतं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "असं असेल तर मला लगेच पुढे पाठवता येणार नाही. ताण असू शकतो, झोपेचं काही असू शकतं, दुःख असू शकतं. आपण आधी ते बघू. काही महिन्यांनी परत या."

"ठीक आहे," मी म्हणाले. मला दार आपटायचं होतं. मी उठले, आणि पायात एकच चप्पल होती.

बोलता बोलता मी चपला काढून ठेवते, मग पायाने त्यांना कुठेही ढकलते. मी पायाने चाचपत होते. राग आलेलं माणूस एका पायावर उड्या मारताना कसं दिसतं ते मला माहीत नाही, पण डॉक्टरांनी मान खाली घातली. आप्पा वाकले. टेबलाखाली अर्धे आत गेले. बराच वेळ नुसती त्यांची पाठ दिसत होती. मग पाठ थांबली.

"तेव्हा पण एकच होती," टेबलाखालून आवाज आला.

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

आप्पा बाहेर आले. माझी चप्पल त्यांच्या हातात होती. ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही, ती मांडीवर घेऊनच ते खुर्चीत बसले.

"हिच्या भावाला आणलेलं इथं. तेव्हा दुसऱ्या बाई होत्या, मोठ्या. त्यांनी पोराला तपासलं. मग बाहेर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, मुलाचं तर आहेच. पण बाहेर बसलीय तिला पण घेऊन या पुढच्या वेळी. तिला हाक मारून बघितली म्हणाल्या. तीनदा मारली. म्हणाल्या, मुलगा गोंधळ घालतोय म्हणून दिसतोय. ही दिसत नाही, पण हिचं जास्त आहे."

खोलीत पंखा होता. तो फिरत होता, एवढं मला आठवतं.

"मग आणलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"का?"

आप्पांनी चप्पल उलटी केली, तळ बघितला, पुन्हा सुलटी केली. "पोरीची जात. उद्या स्थळं येणार. एकाच्या नावावर लागलं तेवढं पुरे झालं म्हटलं. हिची आई म्हणत होती नेऊया. दर वर्षी शाळा सुरू झाली की म्हणायची. मीच म्हटलं, गप असते पोरगी, कुणाला दिसत नाही. खपून जाईल."

आमच्या धंद्यात हा शब्द रोज लागतो. सतरंजीला भोक असलं की ती कडेला टाकतात, वर खुर्ची ठेवतात. खपून जातं.

डॉक्टरांनी टोपण काढलं आणि लिहायला लागल्या. पुढच्या मंगळवारी या म्हणाल्या, मोठी तपासणी करू, मी पाठवतेय. मला हवं होतं ते मिळत होतं. मी आप्पांच्या मांडीवरून चप्पल घेतली, पायात घातली, कागद घेतला आणि धन्यवाद म्हणाले. कागद मी स्वतःच ओढणीला टाचला.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "जरा पाणी पिऊन येतो."

मी टेंपोत जाऊन बसले. आरशात आप्पा दिसत होते. नळापाशी उभे राहून एका हाताने पाणी पीत होते, काखेत पिशवी. त्यांचा फोन माझ्यापुढे काचेपाशी पडला होता. मी किल्ली फिरवली.

गाडी सुरू होण्याचा आवाज त्यांना आला असणार. त्यांनी मान वर केली नाही. आपल्याला सोडून कोण जाणार, अशा खात्रीने माणूस जसं पाणी पितो तसं ते पीत होते.

सांगली कधी मागे पडली कळलं नाही. मी गाडी इतकी नीट कधीच चालवली नव्हती. एकही कबुतर दिसलं नाही, एकही पाटी वाचली नाही. डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती हलत नव्हती. शाळेत वर्गाबाहेर उभी राहायचे तो कोनाडा. कॉलेजचा प्रवेश, जो शेवटच्या तारखेनंतरच्या सकाळी आठवला, आणि आप्पा म्हणाले, तुझ्या नशिबात नाही त्याला मी काय करू. आई माझ्या खांद्याला हात लावायची, एवढ्या हाकांनंतर, आणि तिच्या तोंडावर कधी राग नसायचा. मला वाटायचं ती मायाळू आहे. तिला माहीत होतं.

स्वतःवर रागवायची मला इतकी सवय होती की हा नवा राग कुठे ठेवायचा ते कळेना. पण होता तो सणसणीत, आणि पूर्ण माझा.

तासगावच्या अलीकडे फोन वाजला. रणू.

"ताई, कुठे आहेस?"

"तासगाव."

"आप्पा कुठायत?"

मी गिअर बदलला.

"ते मिरजेत दवाखान्याच्या फाटकापाशी बसलेत," रणू म्हणाला. "वॉचमनच्या फोनवरून बोलले. त्यांना फक्त माझाच नंबर पाठ आहे. ताई, तू बापाला विसरून आलीस? मी सुद्धा मोटारसायकलच विसरलो होतो."

"काय म्हणाले?"

"काही नाही. चिडलेले नाहीत अजिबात. उलट म्हणाले, तिला बोलू नकोस काही. लक्षात राहिलं नसेल तिच्या. तिला ते आहे."

मी गाडी बाजूला घेतली. एका द्राक्षाच्या बागेचं कुंपण होतं, तिथे थांबले.

बरणी फुटली तेव्हापासून मी या वाक्याची वाट बघत होते. वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा, प्रवेश गेला तेव्हा, मोर चढले तेव्हा. एवढ्या वर्षांत ते एकदाही माझ्या वाट्याला आलं नाही. आणि आलं ते आज, आयुष्यात मी पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण लक्ष देऊन केलं होतं तेव्हा.

"ताई? आहेस का?"

"आहे," मी म्हणाले. "परत जातेय."

"आणायला ना?"

"सांगायला."

आप्पा फाटकापाशी वॉचमनच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर भडंगाची पुडी होती आणि दोघे मिळून खात होते. मला बघून आप्पांनी मान हलवली, दमून आलेल्या पोराकडे बघून हलवतात तशी.

"आलीस? भडंग खा."

"आप्पा, मी तुम्हाला विसरले नव्हते."

"असू दे गं. होतं असं."

"नाही होत. तुम्ही नळावर पाणी पीत होता. उजव्या हाताने नळ धरला होता, पिशवी डाव्या काखेत होती. मी आरशात बघितलं आणि गाडी काढली."

वॉचमनचा घास हातातच राहिला. आप्पांचा तोंडात.

"कुठपर्यंत गेलेलीस?" घास गिळून त्यांनी विचारलं.

"तासगाव."

"लांब गेलीस."

"विट्यापर्यंत जाणार होते."

"मग परत कशाला आलीस?"

"तुम्ही मला माफ केलंत, असा रणूचा फोन आला," मी म्हणाले. "ती माफी परत घ्या."

"अगं पण..."

"तुम्ही मला इथं बाकावर ठेवून गेलात. मी दहा वर्षांची होते. लक्षात नव्हतं म्हणून नाही. चांगलं लक्षात होतं तुमच्या, आई दर वर्षी आठवण करून देत होती. ते विसरणं नव्हतं, आणि हेही नाही. मला विसरायचा आजार आहे, आप्पा. रागाचा नाही. माझा राग त्यात घालू नका."

रस्त्यावरून एक बस गेली. वॉचमन उठून फाटकाच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथे काहीच नव्हतं तरी ते तपासायला लागला.

आप्पांनी पुडीची घडी घातली. एकदा, दोनदा, जितकी होईल तितकी बारीक.

"घेतली," ते म्हणाले.

"काय?"

"माफी. परत घेतली."

ते उठले, वॉचमनला राम राम केला, टेंपोत चढले आणि पिशवी मांडीवर घेतली. मी गाडी सुरू केली. सांगली मागे पडली. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि गोदामाच्या किल्ल्या काढून काचेपाशी ठेवल्या, माझ्या बाजूला. त्या सकाळपासून त्यांच्याबरोबर होत्या, मिरजेला.

मी उचलल्या नाहीत. विट्यापर्यंत प्रत्येक खड्ड्यात त्या वाजत राहिल्या. गोदामापाशी पोचल्यावर उचलल्या, कारण टेंपो आत लावायचा होता.

पुढच्या मंगळवारी मोठी तपासणी झाली. होतं, भरपूर होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंचं बरोबर होतं. आता मी गोळी घेते, आणि गोदामात लग्नाच्या गाठोड्यांना लाल चिंध्या बांधल्यात, मयतीच्यांना पांढऱ्या. टेंपो निघण्याआधी बाळू त्या घरच्या माणसाला फोन लावून विचारतो, तुमच्याकडे नक्की काय आहे. लोक सुरुवातीला दचकायचे.

गावात मात्र मोरांच्या जोडीला ही दुसरी गोष्ट चिकटली. परवा एका साखरपुड्याला आम्ही मंडप बांधत होतो. नवऱ्या मुलाचा मामा खुर्चीत रेलून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बापाला मिरजेला विसरून आली ती हीच का हो?"

माणसं हसली. मी शिडीवर होते, तोंडात सुतळी होती.

आप्पा खाली खांबाची गाठ ओढून बघत होते. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, पण गाठी तेच बघतात. त्यांनी मान वर केली नाही.

"विसरली नव्हती," ते म्हणाले. "सोडून गेलेली."